अंगावरून जास्त जातंय? अंगावर काढू नका

पाळीत खूप रक्त जातंय, पाळी संपली तरी डाग पडतायत, पंधरा दिवसांत परत आली, असं काही झालं की आपण बहुतेक जणी पुढच्या महिन्यात होईल नीट म्हणून वाट बघतो आणि त्यात सहा महिने कधी जातात कळतही नाही. म्हणून ज्यात अजिबात थांबायचं नाही ते आधी सांगते, बाकीचं निवांत वाचा.

एका तासात पॅड पूर्ण भिजतंय आणि असं सलग दोन तास चाललंय, किंवा सोबत चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, धडधड, दम लागणं, गार घाम असं काही होतंय तर लगेच हॉस्पिटल, रात्र असली तरी. कुणालातरी सोबत घ्या, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. दुसरं म्हणजे प्रेग्नंट असाल किंवा असण्याची शक्यता असेल तर थोडंसं ब्लीडिंग पण त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. त्यात पोटात एका बाजूला जोरात दुखत असेल, खांद्याच्या टोकाशी दुखत असेल, गरगरत असेल तर एक मिनिट घालवू नका, कारण गर्भ पिशवीऐवजी नळीत राहिला असेल आणि नळी फुटली तर रक्त आत पोटात साठतं, बाहेर फक्त डाग दिसतो, त्यामुळे "एवढंसंच तर जातंय" यावर विसंबून राहता येत नाही. डिलिव्हरीनंतर काही आठवडे जातच असतं आणि हळूहळू कमी होतं, पण कमी झालेलं अचानक वाढलं, मोठ्या गुठळ्या पडल्या, ताप आला किंवा घाण वास यायला लागला तर लगेच दाखवा.

आता नॉर्मल म्हणजे काय. मोठ्या बायकांमध्ये पाळी 24 ते 38 दिवसांनी येते आणि 8 दिवसांच्या आत थांबते, आणि हे दिवस पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचे, खूप जणी पाळी संपल्यापासून मोजतात आणि मग उगाच लवकर आली असं वाटतं. मुलींची पाळी नवीन असताना पहिली दोन-तीन वर्षं मागेपुढे होते, तेवढं चालतं. पण पहिल्या पाळीपासूनच खूप जात असेल, सोबत नाकातून रक्त येत असेल, दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, तर रक्त गोठण्याचा काही त्रास आहे का ते तपासून घ्या, ही गोष्ट बऱ्याचदा राहून जाते.

जास्त म्हणजे किती? पुस्तकात 80 मिली लिहिलेलं असतं पण ते घरी कोण मोजणार. रात्री पॅड बदलायला उठावं लागतंय, एकावर एक दोन पॅड लावावे लागतायत, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गुठळ्या पडतायत, त्या दिवसांत घराबाहेर पडायचीच भीती वाटते, यातलं काही दर महिन्याला होत असेल तर ते जास्तच आहे, तुमची आई आणि बहीण पण असंच सहन करत आल्या असतील तरीही.

चाळिशीनंतरचं मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय. "पाळी जाताना असंच होतं" हे वाक्य आपण एकमेकींना सांगत राहतो. पाळी उशिरा येणं ठीक आहे, पण खूप जाणं, सारखं सारखं येणं, दोन पाळ्यांच्या मधे डाग पडणं हे तपासायलाच हवं. आणि पाळी जाऊन 12 महिने झाले की त्यानंतर एक डाग जरी दिसला, गुलाबी, तपकिरी कसाही, तरी डॉक्टरांकडे जायचं. बहुतेक वेळा कोरडेपणा नाहीतर एखादा पॉलिप (अस्तरावर वाढलेला छोटा कोंब) निघतो, पण गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण बहुतेक वेळा हेच असतं आणि लवकर सापडला तर तो बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. संबंधानंतर रक्त येत असेल तर लाजू नका, पिशवीचं तोंड तपासून घ्या.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत घरी काय करायचं? आधी प्रेग्नन्सी टेस्ट, शक्यता नाही वाटली तरी. मग तारीख, दिवसाला किती पॅड, गुठळ्या, दुखणं असं मोबाईलमध्ये लिहित जा. टॅम्पॉनपेक्षा पॅड बरं, किती जातंय ते कळतं. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनामिक ॲसिडनं दुखणं आणि ब्लीडिंग दोन्ही थोडं कमी होतं, खाऊन घ्यायची, पण प्रेग्नन्सीत नाही, अल्सर, किडनीचा त्रास, दमा किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय नाही. ॲस्पिरिन दुखण्यासाठी घेऊ नका, त्यानं रक्त वाढू शकतं. ट्रॅनेक्सॅमिकची, म्हणजे ब्लीडिंग कमी करणारी गोळी चांगली आहे पण आधी कधी पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झाली असेल तर धोक्याची, म्हणून डॉक्टरांनी दिली तरच. मैत्रिणीला लागू पडलेली हार्मोनची गोळी तर घेऊच नका, रक्त थांबेल, कारण तसंच राहील.

डॉक्टरांना तुमच्या सगळ्या गोळ्या सांगा, गर्भनिरोधक, पाळी पुढे ढकलायची, इमर्जन्सीची, सगळ्या, कारण कधीकधी कारण तिथेच असतं. आणि नुसतं "गाठी" म्हणू नका, रक्ताच्या गुठळ्या पडतायत की सोनोग्राफीत फायब्रॉईडच्या, म्हणजे पिशवीत वाढलेल्या मांसाच्या गाठी आल्यात ते स्पष्ट सांगा, ऐकणाऱ्याचा घोळ होतो. ब्लीडिंग चालू आहे म्हणून अपॉइंटमेंट रद्द करू नका, तपासणी तशीही होते. साधारण हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड, सोनोग्राफी होते आणि वय 45 च्या वर असेल तर बऱ्याचदा अस्तराची बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी. हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे ॲनिमिया, पण शरीरातलं लोह त्याच्या आधीच संपायला लागतं, म्हणून फेरिटिन करून घ्या. लोहाच्या गोळीसोबत चहा नको, शौचाला काळं झालं तर घाबरू नका, आणि हिमोग्लोबिन वर आलं म्हणून गोळ्या स्वतःच बंद करू नका, साठा भरायला अजून काही महिने लागतात.

आणि कुणी पहिल्याच भेटीत "पिशवी काढून टाका" म्हटलं तर कारण काय निघालं, बायोप्सी झाली का, काढल्याशिवाय दुसरा काय उपाय आहे, हे विचाराच. गोळ्या असतात, दुर्बिणीतून नुसता पॉलिप काढता येतो, हार्मोनची कॉपर टीसारखी दिसणारी वस्तू पिशवीत बसवतात तिनं ब्लीडिंग खूप कमी होतं (साध्या कॉपर टीनं उलट वाढतं, दोन्हीत गल्लत करू नका), फक्त बसवल्यावर सुरुवातीचे तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतात, तेवढ्यावरून लगेच काढायला जाऊ नका. ऑपरेशन खरंच लागणारही असेल, पण रक्त धो धो वाहत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला वेळ असतो, तो घ्या.