वॉरंट दंडाचं नव्हतं, गैरहजेरीचं होतं
सिग्नल मोडल्याचं एक जुनं चलन भरायचं राहून गेलं होतं. समन्स जुन्या पत्त्यावर गेलं, मला कळलंच नाही, आणि एक दिवस समजलं की माझ्या नावावर अटक वॉरंट निघालंय. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उठून आधी ऑनलाइन दंड भरायला बसलो, तर वकील मित्राने थांबवलं. वॉरंट दंडासाठी नव्हतं, तारखेला हजर न राहिल्याबद्दल होतं; नुसते पैसे भरून ते आपोआप रद्द होईलच असं नाही. हे फार जणांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

कोर्टाच्या कार्यालयातून केस नंबर घेतला. (फोनवर ‘आत्ता पैसे पाठवा, नाहीतर अटक’ म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका, खातरजमा कोर्टातच करा.) मग वॉरंट रद्द करण्याचा अर्ज, सोबत पत्ता बदलल्याचा पुरावा. पोलीस येण्याची वाट न पाहता स्वतःहून हजर झालो, त्याचा उपयोग झाला असं मला ठामपणे वाटतं. न्यायाधीशांनी कारण ऐकून वॉरंट रद्द केलं. दंड त्याच दिवशी भरला.

आदेशाची प्रमाणित प्रत मात्र आठवणीने घेतली. पोलिसांच्या नोंदी बदलायला वेळ लागू शकतो, तोवर ती गाडीतच ठेवली.