दहावीनंतर आयटीआय आणि अप्रेंटिसशिप: निकालाआधीची तयारी

दहावीचा शेवटचा पेपर झाला की पहिलं काम कागदांचं, आणि ते एप्रिलमध्येच उरकायचं. जूनमध्ये पेरणी, पीककर्ज आणि प्रवेश असं सगळं एकदमच अंगावर येतं. सेतू केंद्रात तेव्हा उभं राहायला जागा नसते आणि सर्व्हर नेमका त्याच वेळी बसतो. तहसीलदारांकडून उत्पन्नाचा दाखला आणि वय-अधिवास प्रमाणपत्र काढून ठेवा. ओबीसी, विजाभज (विमुक्त जाती, भटक्या जमाती), विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) यांना नॉन-क्रीमीलेअर लागतं. त्यावरची मुदत वाचा, मोठ्या भावाच्या वेळचं जुनं किंवा संपलेलं प्रमाणपत्र चालत नाही.

जातीचा दाखलाच नसेल तर एप्रिलसुद्धा उशीर. वडिलांची टी.सी. एवढ्यावर भागत नाही. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विजाभजसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांआधीपासून घराणं राज्यात राहत असल्याचा पुरावा मागतात. आपल्याकडे विदर्भात तो बहुतेक आजोबांच्या शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरच्या उताऱ्यात नाहीतर कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या, नकलेत सापडतो. उतारा हातात पडला की जात आणि आडनाव आजच्या कागदांशी जुळतं का, ते तिथेच उभं राहून पाहा. ‘मेश्राम’चं ‘मेसराम’ झालेलं असेल तर नंतर प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं.

नावाचा घोळ इथेच मिटवा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर मुलाचं नाव आधी, बँकेत वडिलांचं नावच नाही, हे नेहमीचं. आयटीआयचं राष्ट्रीय प्रमाणपत्र, अप्रेंटिस पोर्टल आणि पुढची प्रत्येक भरती नाव आणि जन्मतारीख ताडून पाहते. गुणपत्रिका प्रमाण माना आणि आधार तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. आधारला जोडलेला मोबाइल नंबर घरातलाच हवा. सीएससीवाल्याचा, म्हणजे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रवाल्याचा, नंबर टाकला की पुढची दोन वर्षं प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या दुकानी. मुलाच्या नावाचं बँक खातं काढा आणि ‘आधार जोडलंय’ एवढ्यावर समाधान मानू नका. सरकारी पैसा थेट जमा व्हायला ते खातं एनपीसीआयला सीड झालेलं, म्हणजे आधारवर येणारा पैसा याच खात्यात जायचा अशी नोंद झालेलं लागतं. बँकेत हाच शब्द वापरून विचारा. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती आणि पुढे अप्रेंटिसच्या विद्यावेतनातला सरकारी वाटा दोन्ही इथेच अडकतात.

आता ट्रेड, म्हणजे आयटीआयत कोणतं काम शिकायचं ते. इथे घाई करू नका, खरा विचार इथेच करायचा आहे. गावातली सगळी पोरं इलेक्ट्रिशियन म्हणतात म्हणून आपणही तेच लिहिणं ही सवय वाईट. उलटीकडून सुरुवात करा: दोन वर्षांनी अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत विद्यावेतनावर काम शिकणं, कुठे करता येईल? घरापासून जाऊन-येऊन किंवा भाड्याच्या खोलीत राहून परवडेल असं ठिकाण कोणतं? चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्यात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आणि महानिर्मितीचं चंद्रपूर वीज केंद्र आहे. नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा, अकोल्याकडे पारस. भंडारा, भद्रावती आणि अंबाझरीला आयुध निर्माण्या. नागपुरात मोतीबाग इथे रेल्वेचा कारखाना, शिवाय हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसी. इथे इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर, टर्नर, मशिनिस्ट यांना वाव असतो. महावितरणच्या कार्यालयांत इलेक्ट्रिशियन, वायरमन आणि कोपा (संगणकाचा ट्रेड). हिंगणघाट किंवा यवतमाळकडची जिनिंग हातची वाटते, पण ती कापसाच्या हंगामापुरती चालते. वर्षभराची अप्रेंटिसशिप तिथे भागेलच असं नाही.

मुदत आणि पात्रताही बघून घ्या. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वायरमन हे दोन वर्षांचे. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक, कोपा एका वर्षाचे. दहावीत अडकलेल्यांनी हिरमुसू नये, वेल्डर, वायरमन, प्लंबर आठवी पासवर मिळतात. एका वर्षात मोकळं होण्याचा मोह मात्र नीट तपासा. धोकादायक गणल्या जाणाऱ्या उद्योगांत अप्रेंटिसचं वय किमान १८ लागतं. सोळाव्या वर्षी वेल्डरला प्रवेश घेतलेला मुलगा सतराव्या वर्षी पास होऊन घरी बसतो आणि वर्षभरात हात विसरतो. दुसरं, रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायचं स्वप्न असेल तर त्या भरतीच्या ट्रेडच्या यादीत फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, डिझेल मेकॅनिक आहेत, वेल्डर नाही. शिवाय त्या पदाला चष्म्याशिवाय ६/६ नजर लागते आणि रंग ओळखण्याची तपासणी होते. प्रवेशाआधी ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून घेतले तर दोन वर्षं चुकीच्या आशेवर जात नाहीत. रंगांची गडबड असलेल्याने तर वायरच्या कामातही पडू नये, फेज आणि न्यूट्रल रंगावरून ओळखायचे असतात.

मुलींना घरचे सरसकट शिवणकामाकडे वळवतात. शिवणकाम वाईट नाही, पण वीज आणि मशीनच्या ट्रेडमध्ये मुलींच्या राखीव जागा असतात आणि त्यासाठी चुरस कमी दिसते. विचार करायला हरकत नाही.

खासगी आयटीआय घ्यायची वेळ आली तर इमारतीआधी कागद बघा. संस्था मान्यताप्राप्त असून भागत नाही, तोच ट्रेड आणि तेच युनिट (तुकडी) एनसीव्हीटीशी, म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषदेशी, संलग्न आहे का ते पोर्टलवर पाहायचं. मग वर्कशॉपमध्ये जा. लेथवर धूळ साचली असेल आणि वेल्डिंगच्या केबिनमध्ये खुर्च्या रचून ठेवल्या असतील, तर तिथे हाताला काय शिक्षण मिळणार ते कळतंच.

ऑनलाइन अर्ज भरून झाला म्हणजे काम झालं असं नाही. सरकारी आयटीआयतल्या अर्ज स्वीकृती केंद्रात मूळ कागद दाखवून अर्ज निश्चित करावा लागतो. ते राहिलं तर गुणवत्ता यादीत नावच येत नाही. प्राथमिक यादी लागली की गुण, जात, तालुका हे सगळं तपासा, हरकतीला मोजकेच दिवस असतात. विकल्प, म्हणजे संस्था आणि ट्रेडची पसंती, भरताना पहिल्या नंबरवर तेच लिहा जे मिळालं तर खरंच घ्याल. पहिल्या फेरीत पहिलाच विकल्प मिळाला आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. खाली मात्र हात आखडू नका. चारच विकल्प लिहून ‘जागाच नाही मिळाली’ म्हणणारे दरवर्षी असतात. एसटीच्या वेळा पाहून संस्था निवडा. पहिली गाडी साडेआठला निघून दहाला पोहोचवत असेल आणि वर्ग आठला भरत असेल, तर हजेरी भरणार नाही. वार्षिक परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि सोयाबीन काढणीच्या सुट्ट्या त्यात मोजल्या जात नाहीत. वसतिगृह हवं असेल तर समाजकल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयाचा अर्ज प्रवेशासोबतच भरा.

गणवेश, सेफ्टी शूज, ड्रॉइंगचं साहित्य संस्थेची यादी पाहूनच घ्या. फिटरच्या मुलांना एक आधीच सांगून ठेवावं: सुरुवातीचे आठवडे कानस मारण्यात जातात. लोखंडी पट्टीची कड सपाट करून ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचं साधन) लावतात आणि उजेडाकडे धरून बघतात. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. नवख्याचा हात पुढे जाताना खाली झुकतो, त्यामुळे कड मध्ये फुगते आणि टोकांना उतरते. उभं राहायची पद्धत आणि दोन्ही हातांचा दाब बदलला की सुधारते. कंटाळून पळणारी मुलं याच काळात पळतात, म्हणून घरच्यांनी तोवर धीर धरावा.

अप्रेंटिसशिपची तयारी शेवटच्या सत्रातच करा. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर प्रोफाइल भरून आधार पडताळणी करून ठेवा. १९६१ च्या कायद्यानुसार ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. ४ ते २९ माणसांच्या ठिकाणी ते ऐच्छिक. म्हणून ‘जागा नाही’ असं उत्तर मिळालं तरी जिल्ह्याच्या आयटीआयतल्या मूलभूत प्रशिक्षण व आनुषंगिक सूचना केंद्रात, म्हणजे बीटीआरआयमध्ये, विचारून या. कुठे जागा निघाल्या हे त्यांना आधी कळतं.

करार हा खरा कागद. त्यावर नोंदणी क्रमांक, आस्थापनेचं नाव, ट्रेड, सुरू आणि संपायची तारीख आणि विद्यावेतन असतं. ‘आधी कामाला लागा, करार नंतर करू’ म्हणणाऱ्याकडे तुम्ही अप्रेंटिस नसता, स्वस्तातला मजूर असता. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन आयटीआय पासला महिना ७,००० आणि नुसत्या दहावी पासला ६,००० रुपये होतं. करार करताना चालू दर बीटीआरआयकडून पडताळा, त्याहून कमी घेऊ नका. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत सरकार किमान विद्यावेतनाच्या २५ टक्के, कमाल १,५०० रुपये, थेट तुमच्या खात्यात टाकतं. कंपनीकडून पूर्ण रक्कम आली नाही म्हणून भांडण्याआधी हा हिशोब करा. पीएफ-ईएसआय अप्रेंटिसला लागू नाही आणि नोकरीत कायम करण्याचं बंधनही मालकावर नाही.

एक सापळा बहुतेकांना माहीत नसतो. रेल्वेसारख्या ठिकाणी आधी कुठे अप्रेंटिसशिप केलेला किंवा करत असलेला उमेदवार पुन्हा घेत नाहीत. पास होताच गावाजवळच्या वर्कशॉपमध्ये घाईने करार करून टाकला तर मोठी दारं बंद. आधी रेल्वे आणि वेस्टर्न कोलफील्ड्सच्या जाहिरातींची वाट पाहायची की नाही, हे वय आणि टक्के पाहून ठरवा. रेल्वेची निवड साधारणपणे दहावी आणि आयटीआयच्या गुणांच्या सरासरीवर होते, परीक्षा नसते. दहावीला ४५ टक्के असतील तर वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण तिथे ५० लागतात.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली, ती वेगळी. तिचं विद्यावेतन मिळतं, पण राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळत नाही.

अप्रेंटिसशिपचं वर्ष संपताना शेवटच्या परीक्षेचा अर्ज कंपनी भरेल असं गृहीत धरू नका, तारीख स्वतः विचारा. परीक्षा बुडाली तर वर्षभर काम करूनही हातात फक्त अनुभवाचा दाखला उरतो. रेल्वेतली अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीत २० टक्के जागा आहेत आणि तिथे राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्रच चालतं. नोकरीऐवजी पुढे शिकायचं असेल तर दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. त्याच्या फेऱ्या वेगळ्या असतात आणि एप्रिलमध्ये काढलेल्या दाखल्यांच्या मुदती तोवर संपत आलेल्या असतात, म्हणून ते आधी नवे करून घ्या.