पाळकांच्या मदतनिधीचा इतिहास लिहायचा तर आधी जमाखर्चाची वही उघडा

इंग्लंडमधल्या जुन्या चर्च-निधींचे इतिहास बहुधा स्थापनेच्या सभेपासून सुरू होतात आणि तिथेच रेंगाळतात. काय करायचं ठरलं ते ठरावात असतं. पैसा कोणाच्या हाती पडला ते जमाखर्चाच्या वहीत. म्हणून वही आधी, ठराव नंतर.

पार्श्वभूमी थोडक्यात उरका. १६६२ च्या कायद्याने शेकडो पाळकांना (म्हणजे चर्चच्या धर्मोपदेशकांना) चर्च ऑफ इंग्लंड या अधिकृत चर्चबाहेर काढलं. १६८९ मध्ये त्यांच्या मंडळ्यांना उपासनेची मोकळीक मिळाली, पण दशमांशाचं, म्हणजे लोकांच्या उत्पन्नातून अधिकृत चर्चला मिळणाऱ्या दहाव्या हिश्श्याचं, उत्पन्न नाही. १६९० मध्ये लंडनच्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल या अधिकृत चर्चबाहेरच्या पंथांच्या मंडळींनी सामाईक निधी उभारला; वाद झाले आणि १६९५ मध्ये काँग्रिगेशनलवाल्यांनी आपला वेगळा केला. पर्टिक्युलर बाप्टिस्ट या आणखी एका पंथाचा निधी १७१७ चा. शिक्षण यात का आलं, हे मात्र नीट सांगा. ऑक्सफर्डला प्रवेश घेतानाच चर्च ऑफ इंग्लंडच्या श्रद्धेच्या ३९ कलमांवर सही करावी लागे, केंब्रिजला पदवी घेताना. सही न करणाऱ्यांना स्वतःच्या अकादमी चालवाव्या लागल्या, त्यामुळे गरीब पाळकाची मदत आणि विद्यार्थ्याचा खर्च एकाच तिजोरीतून निघू लागला.

आता वही. तक्त्यात एवढे रकाने करा: मूळ तारीख, आजच्या पद्धतीची तारीख, नाव जसंच्या तसं, नाव प्रमाण रूपात, गाव, कारण (पाळक, विधवा, विद्यार्थी, पुस्तकं), पौंड, शिलिंग, पेन्स. नावाचे दोन रकाने चैन नाहीत. एकच माणूस तीन स्पेलिंगांनी येतो आणि मोजणीत त्याचे तीन लाभार्थी होतात.

१७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलायचं. वहीत १० फेब्रुवारी १६९५ दिसलं, तर आपल्या हिशोबाने ते बहुधा १६९६. कारकुनाने १६९५/६ असं लिहिलं असेल तर आभार माना. हे चुकलं की फेब्रुवारीतली मदत आदल्या वर्षात जाते आणि मंजुरीच्या ठरावाआधीच पैसे दिल्यासारखे दिसतात.

बेरीज उजवीकडून करा. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. उदाहरणार्थ, ४ पौंड १५ शिलिंग ८ पेन्स आणि २ पौंड १० शिलिंग ६ पेन्स मिळून ७ पौंड ६ शिलिंग २ पेन्स होतात. दशांशात रूपांतर सगळ्यात शेवटी. आधी केलंत तर पानाच्या तळाशी असलेल्या मूळ बेरजेशी ताळा बसत नाही.

उत्पन्न एकाएकी घटलेलं दिसलं की ‘देणगीदार आटले’ असं लिहायचा मोह होतो. आधी पैसा कुठे गुंतवला होता ते बघा. निधी सरकारी ३ टक्क्यांच्या रोख्यांत असेल, तर १८८८ च्या कायद्याने व्याज आधी पावणेतीन आणि १९०३ पासून अडीच टक्क्यांवर आलं. देणगीदार जागेवरच होते.

विश्वस्तपत्र (निधी कोणासाठी, कसा वापरायचा हे सांगणारा दस्तऐवज) सगळ्यात शेवटी वाचा, त्यातलं ‘कोणाला’ हे कलम शब्दशः उतरवा आणि तक्त्याशी ताडून बघा. एखाद्या पंथापुरताच निधी असताना बाहेरच्याला पैसे गेलेले दिसले, तर त्याच महिन्यांच्या इतिवृत्तात कारण शोधा. कारण नसेल तर तसंच लिहा, अंदाज भरू नका. अलीकडच्या वर्षांचे अहवाल आणि हिशोब चॅरिटी कमिशन या धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या नोंदवहीत मिळतात. त्यातली हयात लाभार्थ्यांची नावं मात्र गाळा.