सांगाड्याचा कणा कसा वाचावा: मणक्यांच्या सीमा ओळखण्याची रीत

रानातल्या सस्तन प्राण्यांचे मणके पुस्तकात एका ओळीत उरकलेले असतात. काळविटाला मानेचे सात, बरगड्यांचे तेरा, कमरेचे सहा. बिबट्याला सात, तेरा, सात. वानराला सात, बारा, सात. ही ओळ पाठ करून सांगाड्यासमोर उभं राहिलेला माणूस मणके मोजत नाही, पुस्तकाशी ताळा जुळवतो. मग एखाद्या जनावरात पाठीची हद्द एक मणका पुढे किंवा मागे सरकलेली असली तरी त्याला दिसत नाही. ती कशी पाहायची ते सांगते.

१. हाडं कायदेशीर मार्गाने मिळवा. गाडीखाली आलेलं उदमांजर पिशवीत घालून गच्चीवरच्या कुंडीत पुरायचं, ही युक्ती दर पावसाळ्यात कुणीतरी मला उत्साहाने ऐकवतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो वेताळ टेकडीवर सापडलेल्या हाडालाही लागू होतो. मेलेलं जनावर दिसलं तर १९२६ वर वनविभागाला कळवा, हात लावू नका. अभ्यासाला पुण्यात काही कमी नाही. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागात तुलनेसाठी जमवलेली प्राण्यांची हाडं आहेत, आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. आधी रीतसर पत्र द्या. हात बसेपर्यंत मटणाच्या दुकानातून बोकडाची मान आणि पाठ न तोडता मागून आणा आणि उकळून साफ करा.

२. मणके वाळूच्या ट्रेमध्ये ओळीने मांडा. तारेत ओवून उभा केलेला सांगाडा मोजू नका. ओवणाऱ्याने हरवलेल्या मणक्याच्या जागी काय घातलंय ते त्यालाच ठाऊक.

३. मोजणी ॲटलसपासून, म्हणजे कवटीला टेकलेल्या मानेच्या पहिल्या मणक्यापासून, मागे शेपटीकडे. मानेत सात मणके देवमाशालाही असतात. अपवाद मॅनटीचा आणि स्लॉथांचा, आणि ते आपल्याकडच्या रानात नाहीत. सहाव्याच्या खालच्या अंगाला दोन्हीकडे रुंद पाती असतात, सातव्याला नसतात. सातव्याच्या आडव्या प्रवर्धात (मणक्याच्या कुशीतून बाहेर आलेल्या फाट्यात) रक्तवाहिनीचं छिद्र बहुधा नसतं आणि मागच्या कडेला पहिल्या बरगडीचं डोकं टेकायची खाच असते. याच सातव्याच्या कुशीला वेगळी छोटी बरगडी किंवा तिच्या सांध्याची खूण दिसली तर ती मानेची बरगडी. उत्तर समुद्रातून निघालेल्या लोकरी मॅमथांत ती आजच्या हत्तींपेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडली आहे. माणसांतही मृत अर्भकांमध्ये ती जिवंत माणसांपेक्षा पुष्कळ अधिक आढळते, म्हणून तिला किरकोळ समजू नका.

४. पाठ कुठे संपते आणि कंबर कुठे सुरू होते. माझा सगळ्यात जास्त वेळ याच जागेने खाल्ला, आणि सगळ्यात वाईट सल्ले मिळतात तेही इथलेच.

पहिला वाईट सल्ला: बरगड्या मोजा आणि दोनाने भागा. शेवटची बरगडी काडीसारखी बारीक असते, सर्वांत आधी तीच हरवते किंवा कुत्री पळवतात. बरगड्यांवरून मणके ठरवायचे नाहीत, मणक्यावरची खूण पाहायची. बरगडी टेकायची जागा गुळगुळीत, किंचित खोलगट आणि कडेने रेखीव असते. कमरेच्या मणक्याचा आडवा प्रवर्ध मात्र मणक्यातूनच फुटलेला, सांधा नसलेला असतो. तो मोडला की मोडलेली जागा लांबून खाचेसारखीच दिसते. टॉर्च तिरका धरा आणि भिंगातून पाहा: मोडलेल्या जागी आतलं जाळीदार हाड उघडं पडतं. जुन्या संग्रहात हजारो हातांनी ती जाळीही गुळगुळीत झालेली असते, तिथे कडेवरून नख फिरवा. सांध्याची कड अखंड लागते, मोडलेली तुटक.

दुसरा वाईट सल्ला बऱ्याच शहाण्या लोकांकडून येतो: दोन मणक्यांना जोडणाऱ्या सांध्यांची दिशा पाहा, ते आडवे असतील तर पाठ आणि उभे असतील तर कंबर. ही दिशा बदलते खरी, पण शेवटच्या बरगडीपाशी नाही. कुत्र्यात ती दहाव्या-अकराव्या बरगडीच्या मणक्यापाशीच बदलते, आणि बरगड्यांचे मणके तर तेरा असतात. या दोन वेगळ्या सीमा आहेत. दोन्ही टिपा, पण एकीवरून दुसरी ठरवू नका.

आता खरी मेख. काही मणक्यांना डावीकडे बरगडीचा सांधा असतो आणि उजवीकडे सरळ कमरेचा प्रवर्ध. डोळा एक बाजू पाहतो आणि दुसरी मनानेच भरून काढतो. म्हणून मी मणक्याच्या अर्ध्या भागावर कागद ठेवते, डावी बाजू पाहून लिहून काढते आणि मगच कागद सरकवते. पोरकट वाटेल, पण करा.

असा मणका सापडला की त्याला पाठीचा म्हणायचं की कमरेचा, यावर वाद घालत बसतात. नका घालू. त्याला ॲटलसपासूनचा क्रमांक द्या. सात अधिक तेरा म्हणजे विसावा. वहीत लिहा, ‘विसावा: डावीकडे सांधा, उजवीकडे प्रवर्ध.’ नाव नंतर कुणीही बदलू शकतं, क्रमांक बदलत नाही.

क्रमांकाचा दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. तरसाला बरगड्यांचे पंधरा आणि कमरेचे पाच मणके असतात, बिबट्याला तेरा आणि सात. दोघांची बेरीज वीसच. म्हणजे नवा मणका आला नाही, फक्त सीमा सरकली. हेच एका जातीच्या आतही घडतं. बिबट्यात त्रिकास्थीच्या (कमरेमागे नितंबाच्या हाडांमध्ये बसलेल्या, जुळलेल्या मणक्यांच्या हाडाच्या) आधी सत्तावीस मणके भरले आणि बरगडीची जागा बदललेली असली, तर सीमा सरकली. अठ्ठावीस भरले, तर गर्भात मणकाच जास्तीचा तयार झाला. गोष्टी दोन आहेत आणि त्यांची कारणंही दोन. कमरेच्या भागात बरगड्या उगवू न देण्याचं काम हॉक्स-१० गटाची जनुकं करतात. २००३ मध्ये उंदरांत ही जनुकं निकामी केल्यावर कमरेच्या मणक्यांनाही बरगड्या फुटल्या. नुसतं ‘चौदा बरगड्या’ लिहून ठेवलंत तर यातलं काय घडलंय ते मागाहून कुणालाच कळणार नाही.

५. त्रिकास्थी. कमरेचा शेवटचा मणका एका बाजूने नितंबाच्या हाडाला जाऊन भिडलेला असू शकतो. म्हाताऱ्या जनावरात मात्र मणक्यांच्या खालून चोचीसारखं हाड वाढून दोन मणके चिकटतात. ते वय आहे, विविधता नव्हे. पंखाचा, म्हणजे मणक्याच्या बाजूला पसरलेल्या भागाचा, आकार बदललाय का ते पाहा. पिल्लाची त्रिकास्थी जुळलेली नसते, म्हणून तिचे मणके कमी धरू नका. वेगाने धावणाऱ्या सस्तन प्राण्यांत इथे अर्धवट जुळलेले मणके संथ चालणाऱ्यांपेक्षा कमी मिळतात, असं २०१४ मध्ये छापून आलेल्या एका तुलनेत दिसलं. सुप्याच्या माळावरच्या चिंकाऱ्यात तसा मणका मिळालाच, तर आधी मोडून जुळलेलं हाड नाही ना ते तपासा.

६. नसा. मानेचे मणके सात, पण मानेच्या नसांच्या जोड्या आठ. पहिल्या सात आपापल्या मणक्याच्या पुढून निघतात, आठवी सातव्याच्या मागून. तिथून पुढची प्रत्येक जोडी आपल्या मणक्याच्या मागून. हे डोक्यात पक्कं नसेल तर पुढचं सगळं एका घराने चुकतं. पुढच्या पायाला जाणारं नसांचं जाळं कुत्र्यात बहुधा मानेच्या सहाव्या नसेपासून पाठीच्या पहिलीपर्यंतच्या मुळांतून बनतं. काहींत पाचवीही त्यात येते, काहींत पाठीची दुसरी. म्हणून जाडीवरून नस ओळखू नका. ती मणक्याच्या कोणत्या छिद्रातून निघाली ते पाहून तिथे क्रमांकाचा दोरा बांधा, मग बाहेर जा. कोरड्या हाडावर नस नसते, फक्त छिद्र असतं, आणि गुरांत एकाच जागी दोन छिद्रंही असतात. दोन छिद्रं म्हणजे दोन नसा, असं समजू नका.

ताज्या शरीरातल्या नसा पशुवैद्याच्या शवविच्छेदनातच पाहायच्या, वनविभागाची परवानगी असेल तेव्हा. मुंगूस आणि कोल्ह्याला रेबीज होतो आणि त्याचा विषाणू मज्जारज्जूतच असतो. लस घेतलेली नसेल तर लांब उभे राहा. हातमोजे आहेत, हे कारण मला सांगू नका.

७. नोंद. प्रत्येक मणक्याचा क्रमांक, डावं, उजवं, मोडलेलं, हरवलेलं. फोटो पुढून, मागून आणि दोन्ही कुशींकडून, शेजारी मोजपट्टी ठेवून. मधला एखादा मणका हरवला असेल तर बेरजेपुढे ‘किमान’ लिहा आणि त्या जनावराच्या सीमेबद्दल काहीही म्हणू नका.