कॉफीच्या बियांना यीस्टचं विरजण

यीस्टचं पाकीट फोडण्याआधी कॉफीची फळं पाण्यात टाका. जी तरंगतील ती काढून टाका. ती आतून पोकळ किंवा किडकी असतात. मग हिरवी आणि अर्धवट पिवळी फळं वेचून बाजूला काढा. चिखलदऱ्याला आमच्याकडे सासऱ्यांनी लावलेली कॉफीची थोडी झाडं आहेत. एकाच फांदीवर लाल आणि हिरवं फळ शेजारी शेजारी असतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत मी चार-चार दिवसांनी तोडणी करते. फळ दोन बोटांत दाबलं की बी सुळकन बाहेर यायला हवी आणि गर गोड लागायला हवा. द्राक्षवाले वापरतात तो रसातली साखर मोजायचा ब्रिक्समीटर हाताशी असेल तर २० च्या आसपास आकडा चांगला. फळ कच्चं असेल तर यीस्ट काहीही करू शकत नाही, हे मी पहिल्याच वर्षी शिकले.

साल काढली की बी बुळबुळीत गरात गुंडाळलेली राहते. हा गर नुसत्या पाण्याने सुटत नाही, तो आंबवून सैल करावा लागतो. सालीवरचं, हवेतलं यीस्ट आणि जिवाणू हे काम आपोआप करतातच; पण त्यात कधी चव खुलते, कधी बिघडते. निवडलेलं यीस्ट भरपूर घातलं की ते आधी जागा धरतं, बाकीच्यांना वाव कमी मिळतो. दह्याला चांगलं विरजण लावतो तसंच हे. साखर खाताना यीस्ट काही सुगंधी द्रव्यंही तयार करतं. फळांसारखा वास येतो तो त्यांचाच.

आता माप. मी २० किलो फळं घेते आणि १०-१० किलोच्या दोन बादल्या करते: एकीत यीस्ट, दुसरी बिनयीस्टची. ही दुसरी बादली टाळू नका. तुलनेला काही नसेल तर चव यीस्टने आली की फळानेच, हे कळायला मार्गच राहत नाही. हाताने फिरवायच्या पल्परमधून, म्हणजे साल काढायच्या यंत्रातून, काढल्यावर १० किलोंचं साधारण ६ किलो ओलं बी उरतं. पल्पर आधी आणि नंतर घासून धुवा. खाचेत अडकलेली कालची एक सडकी बी पुढच्या घाण्याला वास लावते.

किलोला १ ग्रॅम, म्हणजे ६ ग्रॅम कोरडं यीस्ट. पावाचं यीस्ट चालतं, पण मला त्यात पिठाचा वास जाणवला. नाशिकला वायनरीत काम करणाऱ्या मामेभावाने वाइनचं यीस्ट दिलं, तेव्हापासून मी तेच वापरते. दहापट, म्हणजे ६० मिली पाणी ३५ ते ४० अंशांपर्यंत कोमट करा, त्यावर यीस्ट भुरभुरा आणि १५-२० मिनिटं हलवू नका. फेस धरला की बादलीतला गार रस थोडा-थोडा त्यात मिसळत जा. यीस्टचं पाणी आणि बादली यांत १० अंशांपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर यीस्टला धक्का बसतो. मग सगळं बादलीत ओता, बी जेमतेम बुडेल एवढंच पाणी घाला. नळाचं क्लोरीनवालं पाणी रात्रभर उघडं ठेवूनच वापरा, मी विहिरीचं घेते.

झाकण लावा, पण झाकणातून एक नळी काढून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवा. आतला वायू बुडबुड करत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत येत नाही. व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते, म्हणून ही खटपट. इथे रात्री थंडी कडक असते. मी बादल्यांना घोंगडी गुंडाळते. १८ ते २२ अंशांत काम नीट चालतं.

कधी थांबायचं, यावर सगळं अवलंबून आहे. मी १८ तासांनी बघायला लागते, बहुतेक वेळा २४ ते ३६ तास लागतात. मूठभर बी धुऊन हातात चोळा: बुळबुळ जाऊन ओल्या वाळूसारखी करकर आली की झालं. आंबटपणा दाखवणारी पीएचची पट्टी असेल तर पीएच सुरुवातीला साडेपाचच्या आसपास असतो, ४ ला आला की थांबा. वास वाइनसारखा, पिकल्या फळासारखा हवा. नाकात झोंबला तर उशीर झाला. एका वर्षी लग्नाला गेले आणि बादल्या दोन दिवस जास्त राहिल्या. झाकण उघडताच डोळ्यांत पाणी आलं. ती बी वाळवून भाजलीही, पण आंबटपणा कपापर्यंत आला. सगळी फेकली.

तीन-चार पाण्यांनी स्वच्छ धुवा. हे धुवण नाल्यात सोडू नका. ते आम्लधर्मी असतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं. साली खतात घाला.

वाळवायला मी बाजेवर जाळी पसरते, थर ३ सेंटीमीटर. पहिला दिवस सावलीत, नंतर कोवळं ऊन. दिवसातून पाच-सहा वेळा हलवायचं, संध्याकाळी दव पडायच्या आत झाकायचं. १०-१२ दिवसांत ओलावा १० ते ११ टक्क्यांवर येतो. ओलावा मोजायचा मीटर नसेल तर बीवरचं वाळलेलं पातळ कवच काढून बी दाताने दाबा. खूण जेमतेम उमटली पाहिजे. प्रत्येक बादलीचं कवचासकट साधारण २ किलो मिळतं. तीन-चार आठवडे मुरू द्या, मगच कवच काढून भाजा.

शहरातले ओळखीचे विचारतात, विकत आणलेल्या कच्च्या बिया घरी आंबवता येतील का? माझ्या मते नको. त्यावर गर उरलेलाच नसतो, आणि पुन्हा भिजवलेल्या बीला वाळता वाळता बुरशी धरते.

चव बघताना दोन्ही सारख्याच भाजा. १५० मिली पाण्याला सव्वाआठ ग्रॅम भरडी पूड, पाणी उकळून किंचित निवलेलं. चार मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडून वास घ्या. मागच्या हंगामात यीस्टचा कप गार होता होता संत्र्याच्या सालीसारखा लागला, दुसरा नुसता गुळासारखा. सासऱ्यांना गुळाचा कप आवडला. त्या बादलीतली पूड आता त्यांच्या डब्यात जाते.