अमेरिकेच्या व्हिसा फॉर्मवर जुनी केस कशी दाखवायची

कॉलेजात असताना भाऊ जुगाराच्या धाडीत सापडलेला, कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला आणि आम्हाला वाटलं विषय संपला, पण डीएस-१६० फॉर्म 'कधी अटक किंवा शिक्षा झालीय का' असंच विचारतो आणि कबुली देऊन भरलेला दंड ही शिक्षाच धरतात.

१. ई-कोर्ट्सवर (कोर्टांच्या केसेसची सरकारी वेबसाइट) नावाने केस नंबर शोधा. जुनी केस तिथे नसेल तर दंडाच्या पावतीवर नंबर बघा, आमचं त्यावरच निभावलं.
२. कोर्टाच्या नक्कल विभागातून निकालाची सही-शिक्क्याची प्रत काढा, मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या.
३. फॉर्मवर 'यस' करून तारीख, कलम, कोर्ट, दंड दोन ओळीत लिहा.

'नो' मात्र अजिबात करू नका, गुन्हा किरकोळ असला तरी खोटी माहिती दिली म्हणून कायमची बंदी येऊ शकते.