अपडेटमध्ये आपल्या कॉन्फिग फाइली कशा जपायच्या: डेबियन आणि उबुंटूसाठी

डेबियन किंवा उबुंटूवर अपग्रेड चालू असताना मधेच काम थांबतं आणि प्रश्न येतो: ही कॉन्फिग फाइल (प्रोग्रॅमच्या सेटिंग्जची फाइल) तुम्ही बदलली आहे, पॅकेजमध्येही तिची नवी आवृत्ती आली आहे, कोणती ठेवू? बरेच जण घाईत एन्टर दाबतात. एन्टर म्हणजे 'एन': जुनी फाइल जागेवर राहते आणि त्या दिवशी सगळं सुरळीत चालतं. पण दरवेळी 'एन' म्हणत गेलं की फाइल जुनी होत जाते आणि प्रोग्रॅम पुढे जात राहतो. मग एका मोठ्या अपग्रेडनंतर सेवा सुरूच होत नाही. म्हणून जुनी फाइल नुसती धरून ठेवणं पुरेसं नाही. आपला बदल आणि पॅकेजची फाइल एकमेकांपासून वेगळ्या ठेवल्या, तरच दोन्ही टिकतात.

(आज्ञा, फाइलींची नावं आणि वाटा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.)

प्रश्न नेमका कधी येतो

पॅकेजने /ईटीसी मध्ये, म्हणजे सिस्टमच्या सेटिंग्जच्या डिरेक्टरीत, ठेवलेली फाइल सहसा 'कॉन्फफाइल' म्हणून नोंदलेली असते. पॅकेजबरोबर ती जशी आली तिचा एमडी५ चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेली खूण) डीपीकेजी, म्हणजे पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्रॅम, /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस मध्ये लिहून ठेवतो. अपग्रेडच्या वेळी तीन गोष्टींची तुलना होते: पूर्वी आलेली मूळ फाइल, आता डिस्कवर असलेली फाइल आणि नव्या पॅकेजातली फाइल. तुम्ही हात लावलेला नसेल तर नवी फाइल न विचारता बसते. तुम्ही बदल केलाय पण पॅकेजची फाइल तीच आहे, तर तुमची राहते, तेही न विचारता. दोन्हीकडे बदल असेल तरच प्रश्न येतो.

दोन गोष्टी अनेकांना माहीत नसतात. तुम्ही कॉन्फफाइल पुसून टाकली असेल तर डीपीकेजी तोही तुमचा निर्णय मानतो; पॅकेज पुन्हा इन्स्टॉल केलं तरी ती फाइल परत येत नाही. दुसरी जास्त धोक्याची: /यूएसआर खालच्या फाइलींना हे संरक्षण नाही. तिथे केलेला बदल पुढच्या अपडेटला एका शब्दानेही न विचारता पुसला जातो.

काही फाइली मात्र डीपीकेजीच्या हिशेबात नसतात, त्या 'यूसीएफ' नावाचं साधन सांभाळतं. /ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग आणि /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही त्यातली नेहमीची नावं. यांचा प्रश्न पूर्ण स्क्रीनच्या चौकटीत येतो, आणि बदल जोडून देण्याचा पर्यायही त्यात दिसू शकतो.

अपग्रेडच्या आधी

आधी पूर्ण /ईटीसी ची प्रत काढा. ही डिरेक्टरी सहसा काही एमबीचीच असते, त्यामुळे आळस करायचं कारण नाही:

सुडो टार -सीझेडपीएफ /रूट/ईटीसी-आधी.टार.जीझेड /ईटीसी

ही प्रत /रूट मध्येच ठेवा, कारण तिच्यात पासवर्डांचे हॅश आणि खासगी किल्ल्या असतात.

कायमच्या सोयीसाठी ईटीसीकीपर बसवा: सुडो एपीटी इन्स्टॉल ईटीसीकीपर. हे /ईटीसी ला गिटखाली (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाखाली) आणतं, आणि एपीटीने काही इन्स्टॉल करण्याआधी व नंतर आपोआप कमिट, म्हणजे बदलांची नोंद, करतं. त्यामुळे तुमचा बदल कोणता आणि अपडेटने केलेला कोणता, हे इतिहासात वेगवेगळं दिसतं. गिट स्वतः फाइलींचे मालक आणि परवानग्या पूर्ण जपत नाही. ईटीसीकीपर ती माहिती वेगळी लिहून ठेवतं. हाताने बदल केल्यावर लगेच सुडो ईटीसीकीपर कमिट चालवा आणि बदल का केला ते एका ओळीत लिहा. ती 'का'ची ओळ पुढे फार उपयोगी पडते. हे भांडार सार्वजनिक गिट सर्व्हरवर कधीही पाठवू नका.

आपण नक्की काय काय बदललंय हे आठवत नसेल तर डेबसम्स नावाचं छोटं पॅकेज बसवून सुडो डेबसम्स -सीई चालवा. मूळपेक्षा वेगळ्या असलेल्या कॉन्फफाइलींची यादी मिळते. पण यूसीएफच्या फाइली या यादीत येत नाहीत, आणि एसएसएचडी_कॉन्फिग नेमकी त्यातलीच. तिच्यासाठी थेट तुलना करा: मूळ नमुना /यूएसआर/शेअर/ओपनएसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग इथे असतो. डिफ -यू ला हा नमुना आणि /ईटीसी मधली फाइल द्या.

सर्व्हर दूरचा असेल तर अपग्रेड टीमक्स किंवा स्क्रीनच्या आतच चालवा; नेट तुटलं तरी यांच्यातलं सेशन चालू राहतं. यांच्याशिवाय प्रश्न समोर असताना नेट तुटलं तर पॅकेज अर्धवट राहतं. तसं झालंच तर सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए (छोटा ए) ने उरलेलं काम पुरं होतं.

प्रश्न आल्यावर

पहिलं अक्षर नेहमी 'डी'. दोन फाइलींतला फरक दिसतो. वजा चिन्हाच्या ओळी तुमच्या फाइलीत आहेत, अधिक चिन्हाच्या नव्या फाइलीत. फरक वाचून मग ठरवा:

नव्या फाइलीत फक्त टिपा बदलल्या असतील तर 'एन'. तुमचा बदल एखाद्या ओळीचा आणि नवी फाइल बरीच वेगळी, तर 'वाय' (नवी फाइल घ्या) म्हणा आणि आपली ओळ नंतर परत घाला. तुमची जुनी फाइल .डीपीकेजी-ओल्ड या शेपटीने शेजारीच राहते. 'एन' म्हटलं तर नवी फाइल .डीपीकेजी-डिस्ट या शेपटीने राहते. म्हणजे यातल्या कुठल्याही उत्तराने काही हरवत नाही, घाबरायचं कारण नाही. यूसीएफच्या बाबतीत शेपट्या .यूसीएफ-ओल्ड आणि .यूसीएफ-डिस्ट अशा असतात.

'झेड' हे अक्षर फारसं कोणी वापरत नाही, पण गुंतागुंतीच्या फाइलीसाठी तेच उत्तम. त्याने तात्पुरता शेल उघडतो. नवी फाइल त्या वेळी .डीपीकेजी-न्यू या नावाने तिथेच असते. तिच्यातलं हवं ते आपल्या फाइलीत आणा, सेव्ह करा, एक्झिट म्हणा. प्रश्न पुन्हा येतो, आता 'एन' द्या.

मोठ्या आवृत्तीबदलात 'एन' महागात पडू शकतं. डेबियन १३ मध्ये डव्हकॉट या मेल सर्व्हरची २.४ आवृत्ती आली आणि त्याची कॉन्फिग २.३ शी जुळत नाही. फाइलीत सुरुवातीलाच dovecot_config_version ही ओळ लागते, म्हणजे डव्हकॉट_कॉन्फिग_व्हर्जन. जुनी फाइल तशीच ठेवली तर मेल सर्व्हर उठत नाही. अशा वेळी अपग्रेडआधीच डव्हकॉन्फ -एन चा निकाल एका फाइलीत उतरवून ठेवा. त्यात तुम्ही बदललेल्या सेटिंग्जच तेवढ्या दिसतात, आणि नव्या पद्धतीने कॉन्फिग लिहिताना तीच यादी हाताशी लागते. पोस्टफिक्स या दुसऱ्या मेल सर्व्हरसाठी हेच काम पोस्टकॉन्फ -एन करतं.

खरा उपाय: वेगळी फाइल

आजचे बरेच प्रोग्रॅम मुख्य फाइलीशेजारी '.डी' ने संपणारी डिरेक्टरी वाचतात. आपला बदल तिथे वेगळ्या फाइलीत ठेवला की मुख्य फाइल मूळ स्थितीत राहते, अपडेट ती न विचारता बदलतं आणि तुमचा बदल जागेवर राहतो. प्रश्नच उद्भवत नाही. मात्र प्रत्येक प्रोग्रॅमचा नियम वेगळा आहे, आणि चुका इथेच होतात.

एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन): /ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग.डी/ मध्ये .कॉन्फ ने संपणारी फाइल ठेवा. एसएसएचडी एखादी सेटिंग *पहिल्यांदा* जिथे वाचतो तीच धरतो. अनेक क्लाउड सर्व्हरांवर तिथे ५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ आधीच असते आणि तिच्यात पासवर्डने लॉगिन चालू ठेवलेलं असतं. तुम्ही ९९ ने सुरू होणाऱ्या फाइलीत ते बंद केलंत तर उपयोग शून्य. फाइलीचं नाव ०१ किंवा १० ने सुरू करा. मग सुडो एसएसएचडी -टी (छोटा टी) ने चूक तपासा, आणि मोठ्या टी ने प्रत्यक्ष लागू होणारी मूल्यं पाहा. चालू असलेलं सेशन बंद न करता दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय याची खात्री करा, मगच पहिलं सोडा.

सिस्टीएल, म्हणजे sysctl (कर्नलच्या सेटिंग्ज): इथे नेमकं उलटं, *शेवटी* वाचलेलं मूल्य टिकतं. म्हणून /ईटीसी/सिस्टीएल.डी/ मध्ये ९० ने सुरू होणारी फाइल ठेवा. डेबियन १३ पासून बूट होताना /ईटीसी/सिस्टीएल.कॉन्फ वाचलीच जात नाही. राउटर किंवा व्हीपीएन सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंगची ओळ त्या जुन्या फाइलीत असेल तर अपग्रेडनंतर पहिल्या रीबूटला नेटवर्क अडतं. अपग्रेडआधीच ती ओळ हलवा.

सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम): सेवेची युनिट फाइल, म्हणजे ती कशी चालवायची हे सांगणारी फाइल, /यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम मध्ये कधीच बदलू नका, वर सांगितल्याप्रमाणे तिथलं सगळं पुसलं जातं. सुडो सिस्टमसीटीएल एडिट एनजिनएक्स असं म्हटलं की /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/एनजिनएक्स.सर्व्हिस.डी/ओव्हरराइड.कॉन्फ तयार होते. तिच्यात बदलायच्या ओळीच तेवढ्या लिहा. ExecStart, म्हणजे एक्झेकस्टार्ट (सेवा सुरू करणारी आज्ञा), बदलायचा असेल तर आधी 'एक्झेकस्टार्ट=' अशी रिकामी ओळ आणि मग नवी ओळ, नाहीतर दोन आज्ञा झाल्या म्हणून सिस्टमडी सेवा नाकारतो. --फुल हा पर्याय टाळा: त्याने पूर्ण फाइलीची प्रत होते आणि पॅकेजमधल्या पुढच्या सुधारणा तुमच्यापर्यंत येतच नाहीत. सिस्टमडी-डेल्टा चालवलं की कुठे कुठे फेरफार केलेत ते दिसतं.

सुडोअर्स (सुडो कोणी वापरायचं याचे नियम): /ईटीसी/सुडोअर्स.डी/ मध्ये फाइलीच्या नावात टिंब असेल तर ती फाइल मुकाट वगळली जाते. सवयीने .कॉन्फ लावलं की नियम लागूच होत नाही. नाव साधं ठेवा, फाइल विसुडो -एफ ने लिहा. विसुडो -सी तपासलेल्या फाइलींची नावं दाखवतो. तुमचं नाव त्यात आहे का बघा.

एनजिनएक्स (वेब सर्व्हर): कॉन्फ.डी मधून फक्त .कॉन्फ फाइली वाचल्या जातात, पण डेबियनच्या मांडणीत साइट्स-एनेबल्ड मधलं सगळंच वाचलं जातं. तिथे 'डिफॉल्ट.बॅक' अशी प्रत ठेवली तर तीही साइट म्हणून लोड होते आणि डिफॉल्ट सर्व्हर दोनदा आल्याची चूक येते. प्रती त्या डिरेक्टरीबाहेर ठेवा. बदलानंतर सुडो एनजिनएक्स -टी, मग रीलोड.

आवृत्तीनुसार डिरेक्टरी बदलते तेव्हा

पीएचपी (वेबसाइटींची प्रोग्रॅमिंग भाषा) आणि पोस्टग्रेएसक्यूएल (डेटाबेस) यांच्या कॉन्फिगच्या वाटेतच आवृत्तीचा आकडा असतो. डेबियन १२ वर /ईटीसी/पीएचपी/८.२ आणि डेबियन १३ वर /ईटीसी/पीएचपी/८.४. जुन्या डिरेक्टरीला कोणी हात लावत नाही, नवीत मूळ मूल्यं येतात, प्रश्न येत नाही. मग अचानक फाइल अपलोडची मर्यादा पुन्हा २ एमबी झालेली दिसते. पीएचपीचे बदल एकाच वेगळ्या आयएनआय फाइलीत ठेवा, ९९ ने सुरू होणाऱ्या नावाने कॉन्फ.डी मध्ये, म्हणजे नव्या आवृत्तीत एकच फाइल न्यावी लागते. पूर्ण पीएचपी.आयएनआय उचलून नव्या डिरेक्टरीत टाकू नका. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये पीजी_अपग्रेडक्लस्टर डेटाबरोबर कॉन्फिगही नेतो.

माणूस समोर नसताना

स्क्रिप्टमधून अपग्रेड करताना DEBIAN_FRONTEND=noninteractive, म्हणजे डेबियन_फ्रंटएंड ला नॉनइंटरॅक्टिव्ह, हे मूल्य दिलं की काम झालं असा समज आहे. त्याने डेबकॉन्फचे (इन्स्टॉल होताना पॅकेजने स्वतः विचारलेले) प्रश्न थांबतात; डीपीकेजीचा कॉन्फफाइलचा प्रश्न थांबत नाही. त्यासाठी एपीटी-गेट ला -ओ (छोटा ओ) लावून Dpkg::Options::, म्हणजे डीपीकेजी::ऑप्शन्स::, मधून --फोर्स-कॉन्फडेफ आणि --फोर्स-कॉन्फओल्ड हे दोन्ही द्यावे लागतात. यात डी आणि ओ मोठे. पहिला पर्याय डीपीकेजीचा नेहमीचा निर्णय घेतो, तो नसेल तिथे दुसरा जुनी फाइल ठेवतो. आपोआप अपडेट करणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स मात्र प्रश्न येणारं पॅकेज सरळ बाजूला ठेवतं आणि तशी नोंद करतं. म्हणजे सुरक्षेचं अपडेट महिनोन्महिने अडकून राहू शकतं. /व्हार/लॉग/अनअटेंडेड-अपग्रेड्स अधूनमधून वाचत जा.

फाइल बदलूच नये म्हणून काहीजण चॅटर +आय (फाइल कोणालाच बदलता येऊ नये अशी खूण) लावतात. नवी फाइल बसवायची वेळ आली की डीपीकेजी तिथे अडतो आणि पॅकेज अर्धवट राहतं. पॅकेज होल्डवर (अपग्रेड होऊ नये म्हणून अडवून) ठेवलं तर सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात. पॅकेजची फाइल दुसऱ्या नावाकडे वळवणारं डीपीकेजी-डायव्हर्ट हे /यूएसआर खालच्या फाइलींसाठी ठीक आहे, कॉन्फफाइलींसाठी नाही. फक्त मालक किंवा परवानग्या टिकवायच्या असतील तर डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइड वापरा, तो त्याच कामासाठी आहे.

अपग्रेडनंतर

फाइंड ने /ईटीसी मध्ये *.डीपीकेजी-* आणि *.यूसीएफ-* शोधा. प्रत्येक जोडी विमडिफ मध्ये (दोन फाइली शेजारी दाखवणाऱ्या एडिटरमध्ये) उघडा, हवं ते जोडा, सेवा तपासा, मग शेपटीची फाइल पुसा. हे काम त्याच दिवशी करा. दोन महिन्यांनी कोणती फाइल कशासाठी ठेवली होती हे कोणालाच आठवत नाही.

आणि मूळ फाइलच हवी असेल तर पॅकेज काढून टाकायची गरज नाही. एपीटी डाउनलोड ने .डेब फाइल आणा, डीपीकेजी-डेब -एक्स (छोटा एक्स) ने ती /टीएमपी मधल्या रिकाम्या डिरेक्टरीत उघडा आणि तिच्यातली फाइल बघा. चालू सिस्टमला धक्का लागत नाही. पुसलेली कॉन्फफाइल जागेवर परत आणायची असेल तर एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल ला वरच्याच पद्धतीने --फोर्स-कॉन्फमिस जोडा. यूसीएफच्या फाइलींवर याचा परिणाम होत नाही. एसएसएचडी_कॉन्फिग तिच्या /यूएसआर/शेअर मधल्या नमुन्यावरूनच कॉपी करावी लागते.